एका शिडाला एक फळी

पंधरावी बादली होडीत ओतली तेव्हा खालच्या फटीतून पाणी पेरेसच्या पायावर आलं. काल ते बाविसाव्या बादलीला आलं होतं. तिने वाकून फटीत बोट घातलं. नखापर्यंत आत गेलं. मग ती सरळ उभी राहिली, लोल्वे सरोवराच्या पाण्याकडे गेली आणि सोळावी भरून आणली.

"मेलेल्या माणसाच्या होडीला रोज अंघोळ घालतेस होय गं?" जाळं सांधत बसलेल्या ओंगुडीने विचारलं. "साबण देऊ का?"

"दे," पेरेस म्हणाली.

ओंगुडी म्हणजे सिरोंगोच्या किनाऱ्यावरची सगळ्यांत तिखट जीभ. त्याला उलट शिवी खायची सवय होती, 'दे'ची नव्हती. तो पुन्हा जाळ्याच्या गाठी मारू लागला.

सात महिने होडी वाळूवर होती. डोलकाठी उतरवलेली, शीड गुंडाळून पेरेसच्या घरात ठेवलेलं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, गावाकडे आणि पाठ पाण्याकडे. आमच्याकडे मालक गेला की त्याची होडी विधवा होते. माणसातल्या विधवेसारखंच तिलाही बसून राहावं लागतं. भावकीतला कुणी पुरुष येऊन तिचा भार उचलेपर्यंत ती पाण्याला शिवत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं चालायला लागली की त्यांना आपोआप कळतं. लाकडाला मात्र कळत नाही. लाकूड उन्हात सुकतं, फळ्या आकसतात, फटींतला कापूस सैल होऊन गळून पडतो आणि खालून वाळवी चढते. म्हणून पेरेसने होडीखाली दगड लावले होते, दगडांभोवती राख पसरली होती आणि रोज सकाळी चाळीस बादल्या पाणी ती बाहेर उभी राहून आत ओतत होती. बाहेर उभी राहून, कारण मासेमारीच्या होडीत बाई पाय ठेवत नाही. होडी बांधून बावीस वर्षं झाली होती. तिच्या प्रत्येक फटीत पेरेसचा हात गेला होता, पाय एकदाही नाही.

पाणी ओतताना तिला काही वाटत नसे. खरं सांगायचं तर सात महिन्यांत तिला कशानेच काही वाटलं नव्हतं. ओग्वेनो, तिचा नवरा, बुडून वगैरे मेला नाही. पोटात दुखतं म्हणून आडवा झाला, अकरा दिवस आडवाच राहिला, बाराव्या दिवशी उठला नाही. मग रीतीप्रमाणे पेरेस अंगणात आली आणि गावभर ऐकू जाईल असा टाहो फोडला. चार दिवस रडली. आवाज बसला. बायका म्हणाल्या, असं रडणं हल्ली ऐकायला मिळत नाही. पेरेसला मात्र तेव्हा वाटत होतं की मयत शेजारच्या घरी झालंय आणि आपण तिथे मदतीला आलोय. पुढे डोकं भादरलं, पाहुणे पांगले, मोंबासाच्या बंदरात कामाला असलेला मुलगा ओबुराही परत गेला. जाताना म्हणाला, "होडीचं तुला ठीक वाटेल ते कर, आई." ठीक काय वाटतं हेच तिला कळत नव्हतं. होडीला पाणी घालायचं हे हातांना ठाऊक होतं, तेवढंच. हात जायचे आणि त्यांच्यामागून ती जायची.

विसावी बादली चालू असताना तिचा धाकटा दीर ओबोन्यो आला. हातात मापाची दोरी, कानावर कोळशाचा तुकडा. ओबोन्यो मनाचा वाईट नव्हता. दुसऱ्याच्या इंजिनवाल्या होडीवर खलाशी म्हणून त्याची चाळिशी उलटली होती आणि स्वतःची होडी असावी एवढं एकच स्वप्न तो उघड्या डोळ्यांनी बघत होता.

"वहिनी, चहा झाला?"

"झाला असेल."

ओबोन्यो हसला, मग हसायचं होतं की नव्हतं अशी शंका येऊन थांबला. त्याने दोरी होडीच्या मागच्या टोकाला लावली.

"रविवारी म्हातारी माणसं बसताहेत. ओगाल आजोबा तुला विचारतील. तू हो म्हटलंस की सोमवारी हिला पाण्यात घालतो. बिचारी किती दिवस अशी पडून राहणार?"

"बरं."

"आणि ते दुसरं." त्याने मान खाली घातली. "म्हणजे विधवेचाही भार दिराने उचलायचा, ती रीत म्हणून. एक रात्र माझा कोट तुझ्या घरात खुंटीला राहील. मी नाही, नुसता कोट. कोन्सोलाताला सांगितलंय मी. ती म्हणाली, कोटच ना, राहू दे, तेवढाच धुतला तरी जाईल."

कोन्सोलाता म्हणजे त्याची बायको, पेरेसची जाऊ.

"बरं," पेरेस म्हणाली.

"इंजिन मिळतंय मला. जुनं आहे, पण चालतंय. फक्त ही मागची बाजू निमुळती आहे ना, ही इथून कापायची." त्याने कानावरचा कोळसा काढून होडीच्या पाठीवर एक आडवी रेघ ओढली. "मग सपाट होईल. इंजिन बसेल. हल्ली शिडावर कोण जातं, वहिनी? माझा मालक म्हणतो, शीड म्हणजे गाढवाची गाडी. गाढवाचं मन झालं तर बाजार गाठायचा."

"बरं," पेरेस तिसऱ्यांदा म्हणाली.

तो गेला. पेरेस बादली घेऊन रेघेपाशी उभी राहिली. रेघ दहाव्या आणि अकराव्या फळीवरून गेली होती. तिने ओला तळवा त्यावर ठेवला आणि एकदा फिरवला. कोळसा पुसला गेला नाही, पसरला. हात ओला होता म्हणून लागला, असं तिने मनाला सांगितलं. मग खाली बसून मूठभर वाळू घेतली आणि भांडं घासावं तशी ती जागा घासायला लागली. लाकडाचा रंग उघडा पडेपर्यंत घासत राहिली.

म्हातारा न्याक्वाका काठी टेकत आला तेव्हा ती घासतच होती. न्याक्वाका होड्या बांधणारा मिस्त्री. किनाऱ्यावरच्या अर्ध्या होड्या त्याच्या हातच्या. आता हात थरथरायचा म्हणून तो होड्या नुसत्या ठोकून बघायचा. डॉक्टरसारखा कान लावायचा, आणि सल्ला मागितला नसला तरी द्यायचा.

त्याने तळापासून वरपर्यंत फळ्या ठोकल्या. चौथीपाशी थांबला, पुन्हा ठोकली.

"ही फुटायला लागलीय. बाकीच्या अजून बोलतात. महिनाभर बोलतील. मग सरपण."

"मिस्त्री," पेरेसने विचारलं, "चौथी फळी कुणाच्या शिडाची?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ती हे मोठ्याने बोलली नव्हती.

"न्यामोरीच्या," तो म्हणाला. "पिवळ्या पोत्यांचं शीड. वादळात गेलं, न्यामोरीसकट."

पेरेस उयोमाहून लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिच्याकडे आईने शिकवलेली एकच गोष्ट होती. तिला शीड शिवता येत होतं. पिठाची रिकामी पोती उसवून, धुऊन, सारखी करून ती जाड सुईने अशी जोडायची की वारा भरला की शिवणीवर एक सुरकुती दिसू नये. न्याक्वाका होड्या बांधायचा आणि गिऱ्हाइकांची शिडं तिच्याकडून शिवून घ्यायचा. पहिल्या शिडाची मजुरी द्यायला तो आला तेव्हा ती म्हणाली, "पैसे नकोत. एका शिडाला एक फळी द्या." न्याक्वाकाला वाटलं, बाईला पलंग करायचा असेल. नऊ वर्षांत अकरा शिडं झाली आणि अकरा फळ्या तिच्या घरामागे मक्याच्या धाटांखाली जमल्या. त्या वर्षांत एक मूल झालं, एक गेलं, आणि बोटांना सुईची इतकी भोकं पडली की मीठ धरवत नसे.

ओग्वेनो तेव्हा दुसऱ्याच्या होडीवर होता. फळ्यांचा ढीग कमरेएवढा झाल्यावर तो लोकांना सांगायला लागला, "फळ्या जमवतोय मी." पेरेसने ऐकलं आणि काही बोलली नाही. त्या वयात तिलाही ते बरंच वाटलं. नवऱ्याला लोक होडीवाला म्हणाले तर मान बायकोचाही वाढतो, असं तिला वाटायचं. ओग्वेनोने मग न्याक्वाकाला एका बाजूला घेऊन त्याच्याकडून शब्द घेतला की फळ्या कुठून आल्या ते कुणाला सांगायचं नाही. होडी पाण्यात घालायच्या दिवशी रीतीप्रमाणे मालकाने नाळेवर पीठ आणि दारू शिंपडली आणि मालकाच्या बायकोने होडीला पहिला घास भरवला. नवरा-बायकोची कामं इतकी फिट्ट बसली की संशय यायला जागाच उरली नाही.

ओग्वेनो सुकाणू धरायचा मात्र देखणं. वारा कुठून येणार ते त्याच्या मानेला आधी कळायचं. पण सहा महिन्यांनी होडी ओढून वर काढली की तो उंबराच्या सावलीत बसायचा, गप्पा मारायचा आणि गोड हसायचा. बायकोवर त्याने कधी हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. शेवाळ खरवडायचं, वाकड्या खिळ्याने फटींतला कुजका कापूस ओढून काढायचा, नवा तेलात भिजवून ठोकायचा, वर पत्र्याची पट्टी मारायची, उंदरांनी कुरतडलेलं शीड सांधायचं, ही सगळी कामं पेरेसची. होडी नवऱ्याची आणि दुखणी आपली, असं ती पूर्वी हसत म्हणायची. पूर्वी, म्हणजे हसू यायचं तेव्हा.

"रविवारी मी सांगणार आहे," ती आता न्याक्वाकाला म्हणाली. बोलून झाल्यावर तिला कळलं की आपलं ठरलंय. "होडी त्यांची नव्हतीच, तर ती विधवा कशी? सात महिने उगाच वाळली."

"उयोमाच्या लेकी, मी त्याला शब्द दिलाय."

"तुम्हाला विचारलं तर?"

न्याक्वाकाने काठी वाळूत रुतवली, काढली, पुन्हा रुतवली. "आधी तू बोल. तुझ्यामागे मी बोलेन. पण एवढं लक्षात ठेव, हा गाव मेलेल्याला पुरतो, पण त्याची फजिती पुरत नाही."

रविवारी चर्च सुटल्यावर उंबराखाली माणसं जमली. ओगाल आजोबा मुळीवर बसले. ते बोलताना डोळे मिटायचे आणि ऐकतानाही मिटायचे, त्यामुळे ते जागे आहेत की नाहीत हे निकाल लागेपर्यंत समजत नसे. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. ओबोन्यो इस्त्रीचा कोट घालून आला होता, तोच कोट असावा. पेरेसने सकाळी चाळीस बादल्या घातल्या होत्या आणि प्रत्येक बादलीला एकच वाक्य म्हटलं होतं, होडी माझी आहे, अकरा शिडांची आहे. वाक्य पाठ होतं. पोटात भीतीसुद्धा नव्हती. जाईन, म्हणेन, येईन.

कुणीतरी मागे राहिलं होतं म्हणून सगळे थांबले, आणि माणसं थांबली की ओंगुडीचं तोंड सुटतं.

"पलीकडच्या ओडोयोच्या नातवाचं लग्न ठरलं म्हणे," तो म्हणाला.

"कुठला ओडोयो?"

"अरे, बायकोची सायकल."

उंबराखाली हशा पिकला. त्या ओडोयोच्या बायकोने मडकी विकून सायकल घेतली होती आणि ओडोयो ती गावभर मिरवत हिंडायचा. ओडोयो मरून तीस वर्षं झाली. सायकल कुठल्या रंगाची होती तेही कुणाला सांगता येणार नाही. नातू शिकला, शाळेत मास्तर झाला, तरी लग्नाच्या बोलणीत तो बायकोच्या सायकलचा नातूच होता.

"मास्तरला आहेर काय द्यायचा?" ओंगुडीने विचारलं. "घंटी?"

सगळ्यांत मोठ्याने ओबोन्यो हसला. हसताना त्याचे दात दिसले आणि ते हुबेहूब ओग्वेनोचे होते. पेरेस त्या दातांकडे बघत राहिली.

"ओबुराची आई," ओगाल आजोबा डोळे मिटून म्हणाले, "सात महिने झाले. ओबोन्यो होडीचा भार उचलायला तयार आहे. तुझं काय म्हणणं?"

पेरेस उभी राहिली. "ती होडी विधवा नाही."

हसणं थांबलं. ओगाल आजोबांनी एक डोळा उघडला.

"म्हणजे?"

"होडी माझी आहे," पेरेस म्हणाली. इथपर्यंत वाक्य ठरल्याप्रमाणे आलं. पुढे अकरा शिडं होती. तिने तोंड उघडलं. ओंगुडीने जाळं मांडीवर सारून कान टवकारले होते. ओबोन्यो कोटाचं बटण धरून तिच्याकडे बघत होता. मोंबासात ओबुराला उद्या कुणीतरी फोन करेल. बायकोची होडी. ओबुराच्या पोरांना, त्यांच्या पोरांना.

"त्यांनी मला दिली होती," ती म्हणाली.

हे तोंडातून कसं आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"कधी दिली?"

"जिवंत असताना."

"बरं झालं सांगितलंस," ओंगुडी म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही.

"आम्हाला कधी बोलला नाही तो," ओगाल आजोबा म्हणाले. "साक्षीला कोण?"

पेरेसने मान वळवली. न्याक्वाका काठीवर भार देऊन उभा राहत होता. उठायला त्याला वेळ लागला. उठल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला. त्याने घरून काहीतरी वेगळं ठरवून आणलं होतं, ते आता उपयोगाचं नव्हतं. मग त्याने फळी बसवावी तसं बोलायला सुरुवात केली, आधी कडा जुळवून आणि मग एकेक खिळा.

"मी साक्षीला. होडी पाण्यात घातली त्याच दिवसाची गोष्ट. तुम्ही सगळे जेवून गेला होतात. मी हत्यारं गोळा करत होतो. ओग्वेनो माझ्याजवळ आला. म्हणाला, मिस्त्री, सुकाणू मी धरतो म्हणून लोक होडी माझी म्हणतील. म्हणू देत. पण ही पेरेसची आहे. ती नसती तर ही झाली नसती. मी असेन-नसेन, तुम्ही साक्षीला असा."

पेरेस उभीच होती. ती नसती तर ही झाली नसती. बावीस वर्षं तिने होडीच्या फटी भरल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत हे वाक्य आपल्याला ऐकायचं होतं हे तिला आत्ता कळत होतं. ऐकायला मिळालं ते एका थरथरत्या म्हाताऱ्याच्या तोंडून, तेही खोटं.

ओगाल आजोबांनी बराच वेळ डोळे मिटून ठेवले.

"होडी मालकाचं सुतक पाळते," ते म्हणाले. "मालकीण तर इथे उभी आहे. मग होडी विधवा नाही, विधवेचं पोर आहे. पोराने सुतक किती दिवस धरायचं?"

"चार," दोघातिघांनी सांगितलं.

"आणि आपण सात महिने धरलं. चूक झाली. ओग्वेनो गेला कसा, सांगून जायचं ना. उचला तिला. आजच पाण्यात घाला."

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. होडीपर्यंत जाता जाता ओग्वेनोचं दूध मणावर गेलं. कुणाला आठवलं की तो बाजारातून बायकोसाठी कापड आणायचा. कुणी म्हणालं, माणूस दिसायला साधा होता, पण मन राजाचं. ओबोन्यो पेरेसच्या बाजूने चालत होता. त्याचा चेहरा उतरला होता, पण त्याबरोबर आणखीही काहीतरी त्यावर आलं होतं, भावाचा अभिमान असावा.

"दादा मला कधी बोलला नाही, वहिनी."

"माहीत आहे."

"मी असतो तर दिली नसती. खोटं कशाला बोलू?" थोडं चालून तो म्हणाला, "सुकाणूवर माणूस लागेल तुला."

"तू धर. मागची बाजू कापायची नाही."

"म्हणजे गाढवाची गाडीच हाकायची."

"हाक."

तीस-पस्तीस माणसांनी होडी दगडांवरून उचलली, वळवली आणि नाळ पाण्याकडे केली. सात महिने वाळलेली होडी तशीच तरंगत सोडली तर चाळणीसारखी भरते आणि कलंडते. म्हणून तिला आधी कमरेएवढ्या पाण्यात दगड भरून बुडवायची असते. तीन दिवस पाण्याखाली राहिली की फळ्या फुगतात आणि फटी मिटतात. माणसं होडी पाण्यात लोटून, हात झटकून, दारूच्या वासाने घरांकडे वळली. दगड टाकायचं काम बायकांचं होतं, आणि पेरेसचं तर होतंच. ती पाण्यात उतरली आणि बाहेर उभी राहून काठावरून एकेक दगड आत सोडू लागली. फटींतून आत येणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

न्याक्वाका गुडघाभर पाण्यात येऊन थांबला. चौथी फळी कुठे आहे ते त्याने हाताने चाचपून बघितलं.

"हिच्यावर पट्टी मारावी लागेल," तो म्हणाला. "चालेल अजून."

"मिस्त्री," पेरेसने दगड काठावर टेकवला. "त्यांनी खरंच असं काही म्हटलं होतं का? तुमच्याजवळ?"

म्हातारा पाण्याखालची फळी चाचपत राहिला.

"असंच नाही म्हणत मी. असं काहीतरी. कधी दारू प्यायल्यावर. हसता हसता."

न्याक्वाकाने पाण्यातून हात काढला आणि सदऱ्याला पुसला. तो आज एकदा खोटं बोलला होता आणि दुसऱ्यांदा बोलणं त्याला अवघड नव्हतं. ते बोलावं असं त्याला वाटलंही. पण त्याने तिचा चेहरा बघितला.

"नाही गं, पोरी," तो म्हणाला. "असं काही नाही बोलला कधी."

पेरेसने मान हलवली आणि दगड आत सोडला. न्याक्वाका काठी टेकत किनाऱ्यावर गेला.

आणखी दोन दगड ती नीट टाकू शकली. तिसरा उचलला तेव्हा तिला राग आला. सात महिन्यांत आलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती पोटातून अशी आली की दगड हातातून निसटून पाण्यात पडला. एक शब्द, तिने मनात म्हटलं, लबाडा, अकरा फळ्यांचा एक शब्द तुझ्याच्याने झाला नाही, आणि मी तुला आज उंबराखाली राजा करून आले. तो समोर असता तर तिने त्याच्या कानाखाली वाजवली असती. तो समोर नव्हता. तो कुठेच नव्हता, उंबराखाली नाही, सुकाणूवर नाही, घरात नाही, आणि आता भांडायलासुद्धा येणार नव्हता. हे तिला सात महिन्यांनी, कमरेएवढ्या पाण्यात कळलं. होडीचा काठ दोन्ही हातांनी धरून ती रडायला लागली. अंगणातल्या रडण्यासारखं हे नव्हतं. याला आवाज फारसा नव्हता आणि ते थांबत नव्हतं.

कोन्सोलाता पलीकडून दगड टाकत होती. ती होडीला वळसा घालून आली आणि तिने जावेच्या पाठीवर ओला हात ठेवला.

"रड, जाऊबाई," ती म्हणाली. "मोकळी हो. असा नवरा लाखात एखादीला मिळतो."

पेरेसने अंगावरच्या कापडाच्या ओल्या टोकाने नाक पुसलं. होडी तिच्या हाताखाली हळूहळू खाली चालली होती.

"एक दगड दे," ती म्हणाली. "नाळ अजून वर आहे."